ड्रमची सामग्री महागत असताना आणि मंदी येण्याआधी करायची तयारी

ड्रमवादकाला सध्या दोन उलटसुलट सल्ले ऐकायला मिळतात. नव्या सामग्रीच्या किमती चढत आहेत, तेव्हा लागेल ते आजच घेऊन टाका, असा एक. आणि मंदीची चाहूल लागली आहे, तेव्हा हातचा पैसा सोडू नका, असा दुसरा. दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या वस्तूंना लागू पडतात. नव्या मालाची किंमत कच्चा माल, वाहतूक आणि आयातशुल्क यांवर ठरते आणि एकदा चढली की सहसा उतरत नाही. वापरलेल्या मालाची किंमत मात्र विकणाऱ्याच्या निकडीवर ठरते, आणि मंदीत ही निकडच वाढते. म्हणून खरेदीला हात घालण्याआधी आपल्या सामग्रीचे झिजणारी, फुटणारी आणि टिकणारी असे तीन वाटे करावेत.

त्यासाठी एक दिवस मोकळा काढून सगळा सेट, सगळ्या पिशव्या आणि विशेषतः किरकोळ सुट्या भागांची पेटी जमिनीवर रिकामी करावी. प्रत्येक ड्रमचे माप, लगची (ताणाचे स्क्रू ज्यांत बसतात त्या ड्रमच्या बाजूवरील धातूच्या भागांची) संख्या आणि असल्यास अनुक्रमांक वहीत उतरवावा आणि छायाचित्रे काढून ठेवावीत; विमा, चोरी आणि विक्री अशा तिन्ही प्रसंगी ती उपयोगी पडतात. मी अशी यादी केली तेव्हा बारा इंची टॉमच्या (साध्या लहान ड्रमच्या) खालच्या बाजूची चार न उघडलेली हेड्स, म्हणजे ड्रमवर ताणायचे पातळ पडदे, निघाली आणि स्नेअरचे (खाली तारा असलेल्या मुख्य ड्रमचे) वरचे हेड, जे सर्वांत आधी जाते, ते मात्र एकही निघाले नाही. महागाईच्या धास्तीने केलेली खरेदी बहुधा अशीच होते.

झिजणाऱ्या वस्तूंचा साठा आत्ताच करावा, मात्र वर्षभराच्या गरजेपेक्षा अधिक नको. हेड हे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचे असते आणि ती फिल्म खनिज तेलापासून बनते. स्टिक बहुतांशी उत्तर अमेरिकेत वाढणाऱ्या हिकरीच्या लाकडाची असते. या दोन्ही वस्तू लांबून येतात, त्यामुळे वाहतूक महागली की दरवाढ त्यांच्यावर लवकर दिसते. स्नेअरचे वरचे हेड आपल्या हाताखाली किती आठवडे टिकते आणि स्टिकची जोडी किती तालमींत संपते, हे गेल्या वर्षाच्या अनुभवावरून लिहावे आणि त्या हिशेबाने घ्यावे. खालच्या बाजूचे हेड वरच्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते, तेव्हा त्याचा साठा करण्यात पैसा अडकवू नये. एकेरी थराचे हेड वारंवार फाटत असेल तर दोन थरांचे लावून पाहावे. आवाजातला खुलेपणा थोडा कमी होतो, पण खर्चही कमी होतो. साठवलेली हेड्स आडवी आणि उन्हापासून दूर ठेवावीत, स्टिक्स कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि घेताना प्रत्येक स्टिक सपाट फळीवर लोळवून ती डुगडुगत नाही ना हे पाहावे.

सिंबलच्या (वाजवायच्या धातूच्या थाळीच्या) स्टँडवरील प्लास्टिकच्या नळ्या, फेल्ट, विंगनट, हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीचा) क्लच, पेडलची स्प्रिंग, स्नेअरच्या तारा आणि त्या बांधायची दोरी किंवा पट्टी, दोन-चार टेन्शन रॉड (हेड ताणायचे स्क्रू) व त्यांचे वॉशर ही किरकोळ यादी मी मोठ्या यादीपेक्षा महत्त्वाची मानतो, कारण ऐन कार्यक्रमात यांपैकी एक जरी हरवले तरी संपूर्ण सेट अडून बसतो. प्रत्येकी दोन नग घ्यावेत. ड्रमची की, म्हणजे हे रॉड फिरवायची चावी, तीन घ्यावी. ती का हरवते याचे उत्तर आजवर कुणाला सापडलेले नाही.

फुटणाऱ्या वस्तू म्हणजे सिंबल, आणि इथे घाई व संयम यांतला निर्णय खरा कठीण होतो. वरच्या दर्जाचे बहुतेक सिंबल ऐंशी टक्के तांबे आणि वीस टक्के कथील अशा काशाचे असतात. बी८ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूत कथील आठ टक्के असते. कथील मोजक्याच देशांतून येते, चीन, इंडोनेशिया आणि म्यानमार हे त्यांतले प्रमुख, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारमधील वा प्रदेशातील खाणकाम थांबवले गेले तेव्हा हा पुरवठा किती नाजूक आहे हे पुन्हा दिसले. त्यात घडाईची आणि खरवडण्याची मजुरी मिळवली की नवा सिंबल स्वस्त होण्याची वाट पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही. पण सिंबल हेडसारखा झिजत नाही. तो धड असतो किंवा तडकलेला असतो, आणि धड असलेला वीस वर्षांचा सिंबल नव्याइतकाच वाजतो, कित्येकदा अधिक गोड वाजतो. म्हणून मंदीत घेण्यासारखी वस्तू कोणती असे विचारल्यास माझे उत्तर वापरलेला सिंबल हेच असेल.

तो घेताना तपासणी मात्र चोख हवी. मी एकदा अठरा इंची क्रॅश (जोरकस ठोक्याचा सिंबल) स्टँडवर लावलेल्या स्थितीतच वाजवून पाहिला, आवाज आवडला आणि पैसे मोजले. घरी येऊन फेल्ट काढले तेव्हा मधल्या भोकाची गोलाई जाऊन त्याला चावीच्या भोकासारखा आकार आलेला दिसला आणि तिथून केसाएवढी तड वाटीत, म्हणजे मधल्या फुगवट्यात, निघालेली होती. विकणाऱ्याने फसवले असे म्हणता येत नाही, कारण मीच तो उतरवून पाहिला नव्हता. तेव्हा सिंबल स्टँडवरून उतरवावा, भोक उजेडात धरून पाहावे, नख काठावरून संपूर्ण फेरी फिरवावे, खरवडीच्या गोल रेषांवर तिरका प्रकाश पाडून रेषेसोबत धावणारी तड शोधावी आणि शेवटी बोटावर लटकवून हलकेच टोला द्यावा. आवाज लवकर मेला किंवा त्यात खरखर आली तर परत करावा. आपल्याकडच्या सिंबलचीही अशीच तपासणी याच आठवड्यात करावी, नळी नसलेल्या स्टँडवर नळी बसवावी आणि विंगनट सैल ठेवावा. काठावरची लहान तड जाणकाराकडून कापून घेता येते. विक्रीची किंमत पडते, पण सिंबलचे आयुष्य वाढते.

टिकणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे शेल (ड्रमचा पोकळ सांगाडा), स्टँड आणि पेडलसाठी, थांबणे परवडते. नवे स्टँड पोलादाचे असल्याने धातूवरील शुल्काचा भार त्यांच्यावर येतो, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने पोलाद व अ‍ॅल्युमिनियमवरील आयातशुल्क आधी पंचवीस व नंतर बहुतेक देशांसाठी पन्नास टक्क्यांवर नेले; पण जुना, जड, दुहेरी पायांचा स्टँड आटे शाबूत असतील तर नव्याच्या तोडीस तोड चालतो. वापरलेला ड्रम घेताना दोन्ही हेड्स काढून शेल सपाट काचेवर ठेवावे, आत दिवा लावावा आणि काठाखालून उजेड कुठे फुटतो ते पाहावे, कारण काठ असमान असेल तर कितीही ट्यूनिंग केले तरी ड्रम जागेवर येत नाही. लगमधला प्रत्येक रॉड हाताने फिरवून पाहावा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या ब्रिटिश प्रीमियर ड्रमच्या काही मापांची शेल आजच्या मापापेक्षा किंचित मोठी असतात आणि त्यांवर आजचे हेड बसत नाही. अशी स्वस्त वाटणारी वस्तू पुढे महागात पडते.

इलेक्ट्रॉनिक सेटबद्दल मी अधिक सावध आहे. त्याचे मॉड्यूल हा शेवटी एक छोटा संगणक असतो, आणि बनवणाऱ्याने सुटे भाग देणे थांबवले की दुरुस्तीची वाट बंद होते. घ्यायचाच असेल तर प्रत्येक पॅड, प्रत्येक इनपुट आणि मूळ अ‍ॅडॅप्टर तपासूनच घ्यावा.

विकायचे असेल ते मात्र आजच विकावे. मंदी आली की सगळेच एकदम विकायला काढतात आणि तिसरा स्नेअर, न वापरलेला कावबेल, कोपऱ्यातला जुना सेट या वस्तूंना गिऱ्हाईक मिळत नाही. सेट मोडून एकेक ड्रम विकण्याचा मोह टाळावा, कारण टॉम लगेच खपतात आणि बास ड्रम घरात अडगळ होऊन बसतो. ज्या सामग्रीवर कमाई चालते ती या यादीत घेऊ नये.

दुकानाकडे पैसे अडकवून ठेवू नयेत. अमेरिकेतील सॅम अ‍ॅश ही १९२४ पासूनची वाद्यविक्रीची साखळी २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघून तिची सर्व दुकाने बंद झाली. शंभर वर्षे टिकलेले दुकानही बंद पडू शकते, हे लक्षात ठेवून भेटकार्डे वापरून टाकावीत, महिनोन्‌महिने चालणाऱ्या ऑर्डरसाठी मोठी आगाऊ रक्कम देऊ नये आणि हमीची कागदपत्रे थेट उत्पादकाकडे नोंदवावीत. हप्त्यांवर सेट घेणे तर या काळात टाळावेच, कारण हात आखडला की लोक आधी करमणुकीचा खर्च कापतात आणि हप्त्याची तारीख वादकाच्या मिळकतीची वाट पाहत नाही. बास, स्नेअर, हाय-हॅट आणि एक राइड (सतत ताल धरायचा मोठा सिंबल) एवढ्यावर संपूर्ण कार्यक्रम वाजवण्याचा सराव करून ठेवावा. लहान जागेची आणि कमी मानधनाची कामे अशा सेटवरच येतात.

उरलेल्या पैशासाठी वहीच्या शेवटच्या पानावर हव्या असलेल्या फार तर तीन वस्तू लिहाव्यात, प्रत्येकीपुढे आपण देऊ ती कमाल रक्कम आजच, शांत डोक्याने लिहावी आणि खाली तारीख घालावी. वस्तू विक्रीला आली की ते पान उघडून आकडा पाहावा, आणि समोरचा त्याहून अधिक मागत असेल तर आभार मानून फोन ठेवावा.