कर्नेल पडला आणि हाती काहीच लागलं नाही? केडंपच्या या चुका टाळा

पहाटे सर्व्हर कोसळतो, आपोआप रीबूट होऊन उभा राहतो, आणि सकाळी कुणीतरी मला फोन करतं, "मॅडम, का पडला ते जरा बघा ना." मी विचारते, व्हीएमकोर, म्हणजे कोसळताना उतरवलेली मेमरीची फाइल, कुठे ठेवलाय? समोरून उत्तर येतं, "केडंप तर चालू होता, पण फोल्डर रिकामं आहे." (केडंप म्हणजे कोसळलेल्या कर्नेलची मेमरी वाचवून ठेवणारी यंत्रणा.) गेली बारा वर्षं मी लिनक्स सर्व्हर सांभाळते आहे आणि हा संवाद आता पाठ झालाय. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळणं आपल्या हातात नसतं. कोसळल्यावर वाचता येईल असं काही मागे उरणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि त्याची तयारी मशीन धडधाकट असतानाच करावी लागते.

सगळ्यात आधी एक गैरसमज. क्रॅशनंतर बहुतेक जण जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, उघडतात, शेवटच्या ओळी बघतात, तिथे काहीच सापडत नाही, आणि "लॉग साफ आहे, म्हणजे वीज गेली असेल" असा निष्कर्ष काढतात. पॅनिकच्या, म्हणजे कर्नेल हात टेकून थांबतो तेव्हाच्या, संदेशातच "नॉट सिंकिंग" असे शब्द असतात, ते नीट वाचा. कर्नेल सांगतोय की मी आता डिस्कवर काहीही उतरवणार नाही. ते बरोबरच आहे. ज्याची स्वतःची मेमरी बिघडली आहे त्याने फाइल सिस्टिमला हात लावला तर चांगला डेटाही खराब होईल. म्हणून शेवटच्या काही सेकंदांतलं, म्हणजे नेमकं आपल्याला हवं असलेलं, जर्नलमध्ये पोहोचतच नाही.

केडंपची कल्पना याच अडचणीतून आली. त्याआधीची डिस्कडंप आणि नेटडंप ही साधनं कोसळलेल्या कर्नेलकडूनच डंप लिहून घ्यायची. एरिक बीडरमन यांच्या केएक्झेकमुळे चालू कर्नेलमधून थेट दुसऱ्या कर्नेलमध्ये उडी मारता येऊ लागली. त्याच पायावर विवेक गोयल आणि सहकाऱ्यांनी केडंप उभा केला, आणि २००५ साली २.६.१३ या आवृत्तीत तो मुख्य कर्नेलमध्ये आला. बूट होतानाच थोडी रॅम बाजूला राखून ठेवायची, तिथे एक छोटा कर्नेल तयार ठेवायचा, आणि पहिला कोसळला की त्या दुसऱ्याने उठून पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवायची. म्हणजे डंप मिळण्यासाठी एक अख्खा नवीन कर्नेल, त्याचे ड्रायव्हर, त्याची डिस्क किंवा नेटवर्क हे सगळं त्या चिमूटभर मेमरीत नीट सुरू व्हावं लागतं. हे एकदा समजलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप दिसायला लागतात.

"ॲक्टिव्ह" दिसलं की काम झालं असं समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगते.

सर्व्हिस ॲक्टिव्ह आहे याचा अर्थ एवढाच की दुसरा कर्नेल राखीव मेमरीत भरून ठेवलाय. तो उठेल का, त्याला डिस्क दिसेल का, डंप पुरा होईल का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. ते कळण्याचा एकच मार्ग आहे: मशीन मुद्दाम पाडून बघणं. सिसआरक्यू, म्हणजे कर्नेलला थेट हुकूम देण्याची सोय, चालू करायचा आणि प्रॉक डिरेक्टरीतल्या त्याच्या ट्रिगर फाइलमध्ये "सी" हे एक अक्षर लिहायचं. मशीन त्याच क्षणी कोसळतं. नवखे लोक याला घाबरतात, आणि "प्रॉडक्शनवर असं कसं करायचं" म्हणून टाळतात. प्रॉडक्शनवर करायचंच नाही. सर्व्हर प्रॉडक्शनमध्ये जाण्याआधी करायचं.

एका ठिकाणी आमचं दोन नोडचं, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या दोन मशीनचं, क्लस्टर होतं, वर डेटाबेस. महिन्यात तीन वेळा एकच नोड पडला. तिन्ही वेळा क्रॅशची डिरेक्टरी रिकामी. केडंप ॲक्टिव्ह होता, आणि मशीन बसवतानाच मी स्वतः पाडून बघितलं होतं, तेव्हा डंप व्यवस्थित आला होता. त्यामुळे शंका हार्डवेअरवर गेली. रॅम बदलली. पुन्हा पडला. व्हेंडरचा माणूस मदरबोर्ड बदलायची भाषा करायला लागला. ग्राहक रोज मेल करत होता आणि माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती.

चौथ्या वेळी मी मॅनेजमेंट कार्डवरून (सर्व्हर दुरून सांभाळायचं वेगळं कार्ड) सिरियल कन्सोल, म्हणजे कर्नेलचे संदेश बाहेर पाठवणारी वाट, उघडून त्याचा सगळा मजकूर दुसऱ्या मशीनवर फाइलमध्ये साठवत ठेवला होता. दोन दिवसांनी तो पडला, आणि त्या फाइलमध्ये सगळं स्वच्छ दिसलं. पॅनिक झाला, दुसरा कर्नेल उठायला लागला, त्याच्या बूटच्या ओळी धावू लागल्या आणि मध्येच तुटल्या. पुढची ओळ थेट बायॉसची, म्हणजे मशीन मुळापासून पुन्हा सुरू झालं होतं.

दुसऱ्या नोडने त्याला मारला होता. क्लस्टरच्या नजरेतून बघा: सोबतीचा नोड अचानक बोलेनासा झाला. तो मेलाय की शेअर्ड डिस्कवर अजून लिहितोय हे कळायला मार्ग नाही, म्हणून डेटा वाचवण्यासाठी त्याची पॉवर रीसेट करायची. यालाच फेन्सिंग म्हणतात. फेन्सिंगला काही सेकंद पुरतात. दुसऱ्या कर्नेलला नुसतं उठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. माझी चाचणी खोटी नव्हती, पण ती मशीन क्लस्टरमध्ये जाण्याआधीची होती. नंतर पुन्हा पाडून बघायचं मी केलं नाही, आणि त्या एका आळसाची किंमत महिनाभर सगळ्यांनी मोजली.

यावर उपाय आधीपासून आहे, त्याचं नाव फेन्स-केडंप. दुसरा कर्नेल उठला की तो सोबतीच्या नोडला यूडीपी पोर्ट ७४१० वर निरोप पाठवत राहतो: मी कोसळलोय, डंप घेतोय, मला मारू नका. क्लस्टरमध्ये फेन्सिंगची पहिली पायरी म्हणून तो लावायचा, पॉवर रीसेट दुसऱ्या पायरीवर ठेवायचा, आणि फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडं आहे का ते बघायचं. हे लावल्यावर पुढच्या क्रॅशला पूर्ण व्हीएमकोर आला. स्टॅकमध्ये, म्हणजे एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांच्या यादीत, सगळ्यात वर बाहेरून बसवलेल्या एका बॅकअप मॉड्यूलचं फंक्शन होतं, सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरत होतं. बदललेल्या रॅमचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून कर्नेल अपडेट, नवं स्टोरेज कार्ड, नवं नेटवर्क बाँडिंग, क्लस्टर, यातलं काहीही बदललं की मी मशीन पुन्हा पाडून बघते. बदलाच्या अर्जात त्यासाठी अर्धा तास वेगळा मागते, आणि तो नाकारला तर बदल पुढे ढकलते. हार्डवेअर वॉचडॉगही (मशीन अडकलं की रीसेट करणारा टायमर) अगदी फेन्सिंगसारखाच डंप अर्ध्यावर तोडू शकतो, तोही याच चाचणीत सापडतो.

राखीव मेमरी अंदाजाने ठरवणं

इंटरनेटवरून "१२८ एमबी" कॉपी करून टाकणारे अजून भेटतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ चे मूळ आकडे बघा: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, त्यापुढे ५१२ एमबी. हीसुद्धा सुरुवात आहे. मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणाऱ्या अनेक वाटा) किंवा जड ड्रायव्हर असले की जास्त लागते. डंप एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर जाणार असेल तर आणखी बघावं लागतं, कारण लक्स-२ ही डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत कुलूप उघडतानाच भरपूर रॅम मागते, शिवाय पासवर्ड टाकायला तिथे कुणी बसलेलं नसतं. अशा मशीनचा डंप मी एसएसएचने दुसऱ्या मशीनवर पाठवते.

व्हार डिरेक्टरीसाठी वेगळं छोटं पार्टिशन केलंय आणि डंपही तिथेच? आत्ताच जागा मोजा.

व्हीएमलिनक्स फेकून देणं

डंप मिळाला म्हणजे तो वाचता येईलच असं नाही. व्हीएमकोर हा नुसता मेमरीचा ठसा असतो. कुठल्या पत्त्यावर कोणतं फंक्शन आहे, कोणत्या स्ट्रक्चरचं कोणतं फील्ड कुठे आहे, हे सांगणारी फाइल म्हणजे डीबग माहितीसकटचा व्हीएमलिनक्स. बूट डिरेक्टरीतली व्हीएमलिनझेड ही त्याची आवळलेली, डीबग माहिती काढून टाकलेली आवृत्ती. दोन्हींत एका अक्षराचा फरक आहे म्हणून लोक क्रॅश टूलला, म्हणजे डंप वाचायच्या साधनाला, दुसरीच फाइल देतात आणि टूललाच नावं ठेवतात.

डिस्ट्रोचा तयार कर्नेल असेल तर काम सोपं आहे. त्याच आवृत्तीचं डीबगइन्फो पॅकेज उतरवायचं. रेड हॅट, फेडोरा, सूझे, उबंटू, डेबियन, सगळ्यांकडे ते मिळतं. आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत तीच हवी, "जवळपासची" चालत नाही.

खरी फजिती स्वतः कर्नेल बांधणाऱ्यांची होते. एका टीमने छोट्या उपकरणासाठी कर्नेल बांधला होता, त्यात त्यांचे दोन पॅच. उपकरणं ग्राहकाकडे गेली, चार महिन्यांनी एक कोसळलं आणि नशिबाने डंपही मिळाला. मी व्हीएमलिनक्स मागितला. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, बिल्ड सर्व्हर साफ केला, पण कॉन्फिग आहे, दहा मिनिटांत पुन्हा बांधतो." त्याने बांधला. क्रॅश टूलने लगेच सांगितलं की व्हीएमलिनक्स आणि व्हीएमकोर जुळत नाहीत. मधल्या काळात बिल्ड सर्व्हरवरचा कंपायलर बदलला होता. जुना कंपायलर शोधून, पॅच त्याच क्रमाने लावून आम्ही दोन दिवस धडपडलो. शेवटी जे वाचता आलं ते अर्धवट होतं आणि त्यावर मी सही करायला तयार नव्हते.

माझी सवय सांगते. कर्नेल ज्या दिवशी बाहेर जातो त्याच दिवशी व्हीएमलिनक्स, डीबग माहिती असलेली सगळी मॉड्यूल्स, सिस्टिम-मॅप (फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) आणि कॉन्फिग एका डिरेक्टरीत जातात. डिरेक्टरीला कर्नेलच्या पूर्ण आवृत्तीचं आणि बिल्ड-आयडीचं (त्या बांधणीच्या ओळख क्रमांकाचं) नाव. आवळून ठेवलं की फार जागा लागत नाही. शेवटचं उपकरण वापरातून जाईपर्यंत ती डिरेक्टरी कुणी पुसत नाही. "नंतर पुन्हा बांधू" हा शॉर्टकट मी कुणालाही घेऊ देत नाही.

स्क्रीनचा फोटो

फोटोत ट्रेसचं शेपूट येतं, डोकं वर सरकून गेलेलं असतं. एकामागून एक ऊप्स (कर्नेलमधल्या चुकीचे संदेश) आले असतील तर कामाचा फक्त पहिला असतो. बाकीचे त्याच्या जखमेतून आलेले असतात. फोटो काढूच नका असं नाही, पण त्यावर थांबू नका. सिरियल कन्सोल लावता येत असेल तर तो पहिला. नाहीतर नेटकन्सोल, जो कर्नेलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवतो, तोही तारेच्या नेटवर्कवर.

केडंप शक्य नसलेल्या लॅपटॉपवर पीस्टोअर बघा. कर्नेल मरता मरता लॉगचा शेवटचा भाग फर्मवेअरच्या मेमरीत ठेवतो आणि पुढच्या बूटला सिस्टिमडी तो आपल्या पीस्टोअर डिरेक्टरीत हलवतं. तुकडे हाताने जोडत असाल तर लक्षात ठेवा, भाग १ हा लॉगचा शेवट असतो. उलट्या क्रमाने जोडले नाहीत तर परिणामालाच कारण समजून बसाल.

आणि सोळा आकडी पत्ते सिस्टिम-मॅपमध्ये शोधत बसू नका. एक्स-८६ वर ४.१२ आवृत्तीपासून केएएसएलआर मुळातच चालू असतो, त्यामुळे दर बूटला कर्नेल वेगळ्या पत्त्यावर बसतो. फंक्शनचं नाव आणि त्यापुढचा ऑफसेट, एवढंच टिकाऊ. कर्नेलच्या सोर्समध्ये डीकोड-स्टॅकट्रेस नावाची स्क्रिप्ट आहे, ती त्यावरून फाइल आणि ओळ काढून देते. तिलाही व्हीएमलिनक्स लागतोच.

अडकलेल्या मशीनचं रीसेट बटण दाबणं

मशीन गोठलं की हात आधी बटणाकडे जातो. वरून फोन वाजत असतात, घाई मला समजते. पण रीसेट दाबलं की रॅममधला पुरावा गेला, आणि तोच प्रकार पुन्हा होणार. गोठलेलं मशीन आपणहून पॅनिक होत नाही, म्हणून केडंपही जागा होत नाही. अनोळखी एनएमआयवर (सीपीयूला टाळता न येणारा इंटरप्ट) पॅनिक करण्याची सेटिंग आधीच चालू ठेवा. मग मॅनेजमेंट कार्डवरून डायग्नोस्टिक इंटरप्ट पाठवला की मशीन पॅनिक होतं आणि डंप मिळतो. डंपला लागणारा वेळ रीबूटमध्ये वाढतो, तेवढा वेळ मी वरिष्ठांकडून भांडून घेते.

पॅनिक-ऑन-ऊप्सचंही, म्हणजे ऊप्स होताच पॅनिक करण्याच्या सेटिंगचंही, तसंच. मूळ कर्नेलमध्ये ते बंद असतं. ऊप्स होऊनही मशीन लंगडत चालू राहतं आणि दोन तासांनी भलत्याच ठिकाणी पडतं. सर्व्हरवर ते चालू आहे का, एकदा तपासा.

बॅकट्रेस बघून लगेच दोषी ठरवणं

क्रॅश टूल उघडल्यावर "बीटी" ही बॅकट्रेसची कमांड मारून वरचं नाव मेलमध्ये टाकणारे खूप. मेमरी एकाने खराब केलेली असते आणि पडतो दुसराच, जो पुढे तिथे पोहोचला तो. मी आधी पूर्ण लॉग वाचते, मग कर्नेलवर टेंटचे, म्हणजे तो "डागाळल्याचे", कोणते झेंडे लागलेत ते बघते. ओ म्हणजे बाहेरचं मॉड्यूल, पी म्हणजे बंद परवान्याचं, डब्ल्यू म्हणजे आधी इशारा येऊन गेलाय. मग मॉड्यूल्सची चिन्हं भरते, सगळ्या सीपीयूंचे स्टॅक बघते, आणि त्यानंतरच कुणाचं नाव घेते.

व्हीएमकोर जसाच्या तसा पाठवून देणं

डंप आटोपशीर करणाऱ्या मेकडंपफाइल या साधनाची ३१ पातळी शून्याची पानं, कॅशे, युजर डेटा आणि मोकळी पानं वगळते. डंप लहान होतो म्हणून ती वापरतातच. पण कर्नेलच्या स्वतःच्या बफरमध्ये असलेलं सगळं तिथेच राहतं: फाइलींची नावं, सॉकेटमधून जाणारा मजकूर, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या. असा डंप मी साध्या मेलवर किंवा उघड्या लिंकवर कधीच टाकत नाही. आधी फक्त लॉगची मजकूर फाइल पाठवते, ती व्हीएमकोरच्या शेजारीच असते आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं. पूर्ण डंप मागितलाच तर ग्राहकाची लेखी परवानगी घेते, एन्क्रिप्ट करून देते, आणि तपास संपला की दोन्हीकडची प्रत पुसल्याचं लिहून घेते.