मराठी शाळेतून थायलंडच्या वर्गात: इंग्रजी शिक्षकाने परदेशी बिऱ्हाड कसे मांडावे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात बी.एड. झालेले आणि पवित्र पोर्टलवरील भरतीची वाट पाहत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्रत्येक आळीत आहेत. ईशान्य थायलंडमधील एका शाळेत चार वर्षे इंग्रजी शिकवून मी परतलो, तेव्हापासून त्यांच्यातील अनेकांनी तेथील नोकरीविषयी आणि रोजच्या जगण्याविषयी मला विचारले आहे. त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी आणि त्यातही नावापासून. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर हा क्रम बदलतो आणि कित्येकदा वडिलांचे नाव गळालेले असते. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, पण परदेशी कार्यालयातील कर्मचाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव होते आणि पासपोर्टवर नव्हते, एवढ्या कारणाने माझा कामाचा परवाना तीन आठवडे अडकला होता. म्हणून दहावीपासून पदवीपर्यंतचे सर्व कागद पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि फरक आढळल्यास निघण्यापूर्वीच प्रतिज्ञापत्र करून त्याचे इंग्रजी भाषांतर जवळ ठेवावे. पदवीच्या साक्षांकनासाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि थायलंडची वकिलात अशा पायऱ्या चढाव्या लागतात, तर चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून मिळते आणि त्यासाठी गावच्या ठाण्यातून पडताळणी होते. या सर्वांसाठी काही महिने हाताशी ठेवावेत.

शिकवण्याच्या नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी हा व्हिसा आणि कामाचा परवाना अशा दोन्ही गोष्टी लागतात. पर्यटक म्हणून जा, कागद मागाहून करून देऊ, असे सांगणाऱ्या एजंटापासून दूर राहावे, कारण परवान्याशिवाय काम करणे हा तेथे गुन्हा आहे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नोकरीच्या आमिषाने थायलंडला बोलावून तेथून म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत नेलेल्या भारतीय तरुणांविषयी परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून इशारे दिले आहेत. शेत गहाण टाकून एजंटाचे पैसे भरण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर मी त्याला हात जोडून थांबवीन.

करार वाचताना पगाराच्या आकड्याआधी महिन्यांची संख्या पाहावी. थायलंडचे शैक्षणिक वर्ष मे महिन्याच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते आणि अनेक शाळा दहा किंवा अकरा महिन्यांचाच पगार देतात. अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या शिक्षकाला आपल्यापेक्षा जास्त पगार मिळतो, हेही तेथे उघड असते. ते अन्यायाचे आहे, परंतु आधी माहीत असलेले बरे. आपल्याकडून बहुधा टोईक किंवा आयेल्ट्ससारख्या परीक्षेचे गुणपत्रक मागितले जाते. बी.एड.चा मात्र खरा उपयोग होतो, कारण तेथील शिक्षक परिषदेचा परवाना मिळवताना शिक्षणशास्त्राची पदवी मोलाची ठरते.

तेथील सकाळ आपल्या शाळेसारखीच वाटेल. आठ वाजता राष्ट्रध्वज चढतो, राष्ट्रगीत होते आणि मग आपल्या परिपाठासारखाच कार्यक्रम चालतो, ज्यात परदेशी शिक्षकानेही रांगेत उभे राहावे अशी अपेक्षा असते. दोन्ही हात जोडून केलेल्या नमस्काराला तेथे ‘वाय’ म्हणतात. तो लहानाने आधी करायचा असतो, त्यामुळे मुख्याध्यापकांना तो आपण आधी करावा. कौतुकानेही मुलांच्या डोक्यावर हात ठेवू नये आणि बसताना पायाचे तळवे कोणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे, करू नयेत. भाषेची भीती बाळगू नये. शिक्षकाला तेथे ‘ख्रू’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘गुरू’चाच आहे, भाषेला ‘फासा’, आहाराला ‘आहान’ आणि संक्रांतीवरून आलेल्या एप्रिलमधील नववर्षाला ‘सोंगक्रान’ म्हणतात. आमच्या भागातील ज्या घरांत त्रिशरण रोज म्हटले जाते, तेथून गेलेल्या शिक्षकाला तेच पाली शब्द थायी उच्चारांत विहारात ऐकू येतील, आणि त्या क्षणी परकेपणा बराचसा ओसरतो.

वर्गात आपले सर्वांत मोठे भांडवल हे आहे की इंग्रजी आपल्यालाही शिकावी लागली. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली ती २००० साली. त्यापूर्वी शिकलेल्या माझ्यासारख्यांनी पाचवीत प्रथम ए, बी, सी गिरवले. मूल कोठे अडते हे अशा शिक्षकाला आतून कळते. थायी भाषेत शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘ल’ हे आवाज येत नाहीत, त्यामुळे मुले ‘बस’ला ‘बत’ आणि ‘बॉल’ला ‘बॉन’ म्हणतात, शिवाय ‘र’च्या जागी सहज ‘ल’ येतो. पहिल्या महिन्यात मी त्यांना दटावत असे. मग आठवले की आम्ही वऱ्हाडी मुले ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘केळी’ला ‘केयी’ म्हणत असू आणि आमच्या गुरुजींच्या रागावण्याने त्यात कधीच फरक पडला नव्हता. फरक पडला तो दोन आवाज शेजारी ठेवून कानाने ओळखायला लावल्यावर. मीही तेच केले. ‘राइट’ आणि ‘लाइट’ यांपैकी मी कोणता शब्द उच्चारला, हे मुलांनी आधी फक्त बोट दाखवून ओळखायचे, आणि कान तयार झाल्यावरच तोंड उघडायचे. यात दोन-तीन आठवडे जातात, ते जाऊ द्यावेत. त्याचबरोबर स्वतःचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे, कारण आपण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत भेद करत नाही आणि आपले ‘ट’ व ‘ड’ जड पडतात.

थायी मुले चुकण्याच्या भीतीने एकेकटी बोलत नाहीत. सामूहिक वाचनात मात्र त्यांचा आवाज खणखणीत असतो. अशा वेळी हातात वस्तू द्यावी. मी तान्हा पोळ्याचा लाकडी नंदीबैल सोबत नेला होता. तेथील मुलांच्या आजोबांनी म्हशींनी भातशेती नांगरलेली, त्यामुळे बैलाला चाके का, त्याला सजवतात का, असे प्रश्न त्यांनी मोडक्या इंग्रजीत आपणहून विचारले. गावाकडची एखादी वस्तू सामानात अवश्य ठेवावी.

स्वयंपाकाचा प्रश्न शाकाहारी माणसाला अधिक जाणवतो, कारण भाजीतही मासळीचा ‘नाम प्ला’ हा रस पडतो आणि कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’मध्ये सुकी कोळंबी असते. ‘मांगसाविरात’ हा शब्द पाठ करावा. तो ‘मांस-विरती’ असाच आहे. पिवळ्या निशाणावर ‘चे’ असे लिहिलेल्या दुकानात मांस, मासे व अंडी नसतात, तसेच कांदा-लसूणही नसतो. मुगाची डाळ, शेंगदाणे, ओली हळद आणि मिरच्या सर्वत्र मिळतात. तुरीची डाळ आणि ज्वारीचे पीठ लहान गावात मिळत नाही, म्हणून डाळ, जवसाची चटणी आणि छोटा कुकर घरूनच न्यावा. वीज आपल्यासारखीच असली तरी आपली जाड तीन पिनांची वायर तेथील सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अॅडाप्टर जवळ असू द्यावा.

राहत असताना दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवावा लागतो. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. थायी कागदांवर बुद्धवर्ष असते, जे इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे आहे, म्हणून २०२६ च्या जागी २५६९ दिसल्यास गोंधळू नये. पैसे बँकेमार्फतच पाठवावेत. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्याने रात्री नऊला फोन केला, तर गावात साडेसात झालेले असतात आणि आई-बाबा वावरातून येऊन जेवायला बसलेले असतात.

मार्च ते मे या सुट्टीत गावी येताना, म्हणजे ऐन लग्नसराईत, तिकिटाआधी पुनःप्रवेशाचा परवाना काढावा. तो न घेता देशाबाहेर पाऊल टाकले, तर मुक्कामाची वाढवून घेतलेली मुदत रद्द होते आणि व्हिसाची प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.