होमगार्डमध्ये नाव घालायचंय? आधी कागद, मग मैदान

होमगार्ड नोंदणीची जाहिरात आली की तालुक्याच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते. झेरॉक्सच्या दुकानात मात्र ती गर्दी शेवटच्या दोन दिवसांत होते, आणि मैदानापेक्षा जास्त नावं तिथेच गळतात. म्हणून इथे धावण्याबद्दल नंतर, कागदांबद्दल आधी.

त्याआधी आपण नेमका कशासाठी अर्ज करतोय, हे स्वच्छ असू द्या. ६ डिसेंबर १९४६ ला, दंगलींच्या काळात, तेव्हाच्या मुंबई प्रांतात ही संघटना उभी राहिली. नागरिकांनीच प्रशिक्षण घेऊन पोलिसांच्या मदतीला उभं राहायचं, ही त्यामागची कल्पना. १९४७ च्या मुंबई होमगार्ड अधिनियमाने तिला कायद्याचा आधार दिला. ब्रीद आहे ‘निष्काम सेवा’, आणि ते नुसतं बिल्ल्यावर लिहिण्यापुरतं नाही: ही सेवा मानसेवी आहे. पगार नाही, पेन्शन नाही, कायम होण्याची वाट नाही. बंदोबस्ताला बोलावलं तर त्या दिवसाचा कर्तव्य भत्ता मिळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने तो दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये केला. महिन्यात १५ दिवस काम लागलं तर १६,२४५ रुपये होतात. एकही दिवस लागलं नाही तर काहीच नाही. गणपती, नवरात्र, वारी, निवडणुका आणि दहावी-बारावीच्या परीक्षा या काळात मागणी असते, मधले आठवडे कोरडे जाऊ शकतात. या भत्त्यावर गाडीचा हप्ता बांधून घेऊ नका. शेती, दुकान, खाजगी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून करायचं हे काम आहे.

मग एवढी झुंबड का? मुख्य कारण आरक्षण. होमगार्ड म्हणून तीन वर्षं सेवा झालेल्यांना राज्य पोलीस दल, वन विभाग आणि अग्निशमन सेवेच्या भरतीत ५ टक्के जागा राखीव असतात. इथे बहुतेक जण दोन हिशेब करायला विसरतात.

पहिला वयाचा. होमगार्डसाठी वय २० पूर्ण आणि ५० च्या आत लागतं. पोलीस शिपायासाठी खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण वरची मर्यादा २८, मागास प्रवर्गाची ३३. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या कोणी सव्वीसाव्या वर्षी नाव घातलं, तर तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत पोलीस भरतीचं दार बंद झालेलं असतं. डोळ्यांसमोर पोलीस भरतीच असेल तर विशी-एकविशीत आत या.

दुसरा उंचीचा. होमगार्डला पुरुषांची उंची १६२ सेंटिमीटर चालते, महिलांची १५०. पोलीस शिपायासाठी ती पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ लागते. छातीचंही तसंच: होमगार्डला न फुगवता ७६, पोलिसांत ७९, आणि दोन्हीकडे फुगवून ५ सेंटिमीटरची वाढ. १६३ सेंटिमीटर उंचीच्या मुलाने तीन वर्षं इमानाने सेवा केली तरी पोलिसांच्या फीतीखाली तो बसणार नाही. आरक्षण जागेचं असतं, उंचीचं नाही. अर्जाआधी अनवाणी, भिंतीला टाच लावून, सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा उंची मोजा. दिवसभर उभं राहिल्यावर ती किंचित कमी भरते आणि मैदानावर तुमचा नंबर दुपारनंतरही लागू शकतो.

आता कागद. शिक्षण दहावी पास एवढंच लागतं, पण २०२४ च्या नोंदणीत रहिवासाचा पुरावा म्हणून आधार कार्ड आणि मतदार ओळखपत्र ही दोन्ही मागितली होती. विशीतल्या मुलामुलींचं अडतं ते इथेच, कारण मतदार नोंदणी अजून केलेलीच नसते. जाहिरात आल्यावर मतदार नोंदणीला धावलं तर कार्ड वेळेत हाती पडेलच असं नाही. अठरा पूर्ण झाली असतील तर ते काम आजच करून टाका.

पत्त्याचा घोळ त्याहून मोठा. नोंदणी तुम्ही राहता त्या भागातल्या पथकासाठी होते. भरायच्या जागाही पथकागणिक वेगळ्या असतात. आधारवर गावाकडचा पत्ता, मतदार यादीत मामाच्या घरचा आणि राहायला तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत, अशी स्थिती असेल तर पडताळणीच्या टेबलावर उत्तर देता येत नाही. दोन्ही ओळखपत्रांवर एकच पत्ता आणा आणि त्याच हद्दीतून अर्ज करा. शेजारच्या तालुक्यात जागा जास्त आहेत म्हणून तिथून अर्ज टाकण्याची हुशारी कागद तपासताना उघडी पडते. शिवाय आठवड्याची कवायत आणि अवेळी येणारा बंदोबस्ताचा निरोप, दोन्हींना तिथेच पोहोचावं लागतं.

लग्न झालेल्या मुलींसाठी वेगळी सूचना. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागद हवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र. मुलांच्या बाबतीत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग हीच अडचण होते, एकीकडे ‘दत्तात्रय’ आणि दुसरीकडे ‘दत्तू’. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा आणि आधार त्याला जुळवून घ्या. उलटं करायला गेलात तर बोर्डाच्या कार्यालयात खेटे घालावे लागतील.

जन्मतारखेसाठी दहावीचं बोर्ड प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला. खाजगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र. ते लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. ‘साहेब तोंडी हो म्हणालेत’ याला किंमत नाही. आणि पोलीस चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र, तीन महिन्यांच्या आतलं. यात दोन्ही बाजूंनी चूक होते. काही जण उत्साहाने फार आधी काढतात आणि कागद तपासणीपर्यंत त्याची मुदत सरते. काही जण मैदान मारल्यावर अर्ज करतात आणि ते वेळेत येत नाही. जाहिरात निघाली की लगेच अर्ज करणं हा मधला मार्ग. नावावर गुन्हा दाखल असेल, मग तो गावच्या भांडणातला का असेना, लपवू नका. पडताळणी पोलीसच करतात.

तांत्रिक अर्हतेचे थोडे गुण असतात, पण गुणवत्ता यादीच्या कडेवर तेच कामाला येतात: आयटीआय, खेळाची प्रमाणपत्रं, एनसीसीचं ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्र, नागरी संरक्षण सेवा, जड वाहन परवाना, माजी सैनिक असणं. खेळाचं प्रमाणपत्र तालुक्याच्या स्पर्धेचं असेल तर आशा धरू नका, किमान जिल्हा पातळीचं हवं. मूळ प्रत सोबत न्या.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, तो शक्यतो स्वतः भरा. सायबर कॅफेवाला एका दिवसात शंभर अर्ज भरतो आणि जन्मतारखेतला महिना-दिवस उलटा पडला तर तो त्याला आठवतही नाही. पाठवण्यापूर्वी जन्मतारीख, आधार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव मोठ्याने वाचा. नंतर दुरुस्ती करता येईल या भरवशावर राहू नका. पैसे घेऊन यादीत नाव घालतो म्हणणारा माणूस दर नोंदणीला उगवतो. गुण मैदानावर मिळतात, त्याच्या हातात काही नसतं.

मैदानावर दोनच प्रकार: पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणं, त्याला २५ गुण; आणि गोळाफेक, १० गुण. गोळा पुरुषांसाठी ७.२६० किलोचा, महिलांसाठी ४ किलोचा. दोन्हींत किमान गुण लागतात, त्यामुळे ‘धावण्यात भरून काढू’ हा हिशेब चालत नाही.

१,६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या. पहिली फेरी गर्दीच्या वेगाने मारणारे तिसरीत कोसळतात, आणि दरवेळी कोसळतात. आठ आठवडे हातात असतील तर आठवड्यातून एक दिवस चार-पाच किलोमीटर संथ धावा, एक दिवस ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून मारा, आणि दर पंधरवड्याला पूर्ण अंतर घड्याळ लावून धावा. डांबरी रस्त्यावर रोज धावलं की नडगी दुखायला लागते आणि ऐन चाचणीच्या आठवड्यात बसून राहावं लागतं, तेव्हा मातीवरच धावा. २०२४ ची नोंदणी आणि चाचण्या ऐन पावसाळ्यात झाल्या होत्या. ओल्या मैदानावर धावायची सवय आणि पकड असलेले बूट, दोन्ही हवेत. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, हे सांगूनही दरवेळी कोणीतरी घालतंच.

गोळा फेकायचा नसतो, मानेजवळून ढकलायचा असतो. चेंडूसारखा फेकला तर फाउल होतो आणि कोपरही दुखावतं. ताकद पाय आणि कमरेतून येते. दगडावर सराव करण्यापेक्षा चार जणांनी मिळून खऱ्या वजनाचा गोळा विकत घ्या. हे सगळं पोलीस भरतीलाही उपयोगी पडतं, कारण तिथे हेच दोन प्रकार आणि जोडीला १०० मीटर असतात.

निवड झाल्यावर कवायत, लाठी, शस्त्राची ओळख, प्रथमोपचार, आग विझवणं, पूर आणि गर्दीच्या वेळचं काम, वाहतूक नियंत्रण हे शिकवलं जातं. कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला कायद्याने पोलिसांसारखे अधिकार आणि संरक्षण मिळतं, ते तेवढ्या वेळेपुरतंच. सुट्टीच्या दिवशी खाकी घालून गाड्या अडवणारा होमगार्ड स्वतःच गुन्ह्यात अडकतो. गुन्हा रोखण्याचं काम बाहेरून वाटतं तसं पाठलागाचं नसतं. नाक्यावर कोणती गाडी किती वाजता गेली याची नोंद ठेवणं, गस्तीत बंद दुकानाचं कुलूप हलवून पाहणं, घटनास्थळी पहिले पोहोचलात तर कशालाही हात न लावता लोकांना मागे ठेवणं आणि वेळ टिपून पोलिसांना कळवणं, असं ते असतं. ज्याला उभं राहायचा कंटाळा येतो त्याने हा मार्ग धरू नये.

वीस पूर्ण नसतील तर ही वर्षं वाया घालवू नका. कॉलेजात पहिल्या वर्षालाच एनसीसीत जा: दुसऱ्या वर्षाअखेर ‘बी’, तिसऱ्याअखेर ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते आणि ती इथे गुण देते. घरात आठवी-नववीतलं भावंड असेल तर त्याच्या शाळेत स्टुडंट पोलीस कॅडेट उपक्रम आहे का विचारा. केरळने २०१० मध्ये सुरू केलेला हा उपक्रम २१ जुलै २०१८ पासून देशभर लागू झाला. त्यात रस्तासुरक्षा, महिला आणि मुलांची सुरक्षा, आपत्तीचं व्यवस्थापन असे विषय परीक्षेविना शिकवले जातात.

आणि आत आल्यावर एक वही घाला. बंदोबस्ताची तारीख, ठिकाण, पोलीस ठाणं, हजर झाल्याची आणि सुटल्याची वेळ त्यात लिहा, कवायतीच्या तारखाही. सतत गैरहजर राहणाऱ्याचं नाव कमी होतं, आणि तीन वर्षांनी सेवेचं प्रमाणपत्र मागायला जाल तेव्हा कार्यालय हजेरीच पाहणार. भत्त्याचे दिवस कमी लागले तरी तक्रार त्याच वहीवरून करता येते.