वादग्रस्त डाव्या नेत्याचा प्रचार कोकणात कसा करायचा

सगळ्यात आधी, नेत्याच्या ज्या गोष्टी तुम्हाला स्वतःलाच पटत नाहीत त्या कागदावर लिहून काढा. माझ्या चार निघाल्या. कारण पहिल्याच ओट्यावर तेच विचारतात, आणि तुम्ही "मीडियाने बदनाम केलंय हो" चालू केलंत की समोरचा मान डोलावतो, पाणी देतो, आणि मत दुसरीकडे टाकतो, आपला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही.

लोकसभेला मी फिरलो तेव्हा एक आजी पडवीत कोकमं फोडत बसलेली, बोटं लालभडक, मान वर न करता म्हणाली, "तो तुमचो पुढारी देव मानता काय?" मी दहा मिनिटं धर्मनिरपेक्षता सांगितली. चुकलंच. तिला फक्त भीती होती की जत्रेत कोण खोडा घालेल. दुसऱ्या खेपेला सरळ म्हटलं, तो नाही मानत, पण तुमच्या जत्रेला कोण हात लावत नाही, बरं काजू बीला भाव काय मिळाला यंदा? मग अर्धा तास तीच बोलली.

"जेलात जाऊन आलाय" हा दुसरा हमखास प्रश्न. इथे समाजवादी पुढारी जॉर्ज फर्नांडिस काढा. 1974 चा रेल्वे संप, मग आणीबाणीत बडोदा डायनामाइट प्रकरण (सरकारविरोधात स्फोटकं जमवल्याचा आरोप), 1977 ला तुरुंगातूनच मुजफ्फरपूरहून निवडून आले, आणि 1990 ला ते रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ झालं, ज्या गाडीने समोरचा गणपतीला येतो ती. त्यांचं पुढचं भाजपसोबतचं राजकारण मला झेपलं नाही, कोणी ते काढलंच तर मान्य करून टाका. आणि कोकणात डावे चालत नाहीत म्हणणाऱ्याला सांगा, राजापूर मतदारसंघाने 1957 पासून नाथ पै आणि मग 1991 पर्यंत मधु दंडवते असे समाजवादीच दिल्लीला पाठवले, दंडवते तर मूळचे नगरचे. (अलिबागकडच्या चरी गावचा जुना शेतकरी संप पोरांना सांगत बसू नका, ती रील बघायला लागतात.)

राजापूर बाजूला रिफायनरीवर "बघू" म्हणालात तर दोन्हीकडचे मिळून हाकलतील, भूमिका ठरवूनच जा.

2024 ला आपल्याकडे मतदान 7 मेला होतं, म्हणजे ऐन आंब्यात, सकाळी माणसं बागेत, दुपारी ऊन, म्हणून संध्याकाळी 5 नंतर निघा. जेटीवर लिलाव चालू असताना तर जाऊच नका, जाळी शिवत बसलेले असतात तेव्हा जा. चाकरमान्यांना आधी विचारा मत कुठे आहे, मी एका घरात दोन चहा पिऊन तासभर बोललो आणि शेवटी कळलं सगळ्यांची नावं डोंबिवलीला. नाव हलवायला फॉर्म 8, नवीन मतदाराला फॉर्म 6, चौकशीला 1950 हा हेल्पलाइन नंबर, पण हे सगळं निवडणूक लागायच्या आधी.

पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव पत्ता पाहिजेच, मी घाईत ते न टाकता 500 छापून घेतली, सगळी रद्दीत. मतदान संपायच्या 48 तास आधी जाहीर प्रचार बंद. मतदानादिवशी केंद्राच्या 100 मीटरमध्ये प्रचार नाही की चिन्ह नाही. मी शर्टावरचा बिल्ला विसरलेलो, रांगेतून तीच आजी ओरडली, "बिल्लो काढ रे आधी."