खंजिराची पांढरी मूठ: हाड की हस्तिदंत?

जुन्या खंजिराची किंवा पेशकब्जाची (निमुळत्या टोकाच्या सुऱ्याची) मूठ पांढरट-पिवळसर असली की तिला सरसकट ‘हस्तिदंती’ म्हणण्याची सवय विक्रेत्यांना आहे आणि घराघरांतील जुन्या वस्तू सांभाळणाऱ्यांनाही आहे. प्रत्यक्षात अशा मुठी हत्तीच्या सुळ्यापासून, वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्यापासून, उंटाच्या किंवा गुराढोरांच्या पायाच्या हाडापासून, सांबरशिंगापासून आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लॅस्टिकपासूनही घडवल्या गेल्या. कट्यारीची मूठ बहुधा संपूर्ण धातूची असते, त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः खंजीर, पेशकब्ज आणि कर्द (सरळ पात्याची सुरी) यांच्यापुरता उरतो.

ओळख पटवण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, एक चांगली विजेरी आणि मऊ कुंचला एवढे साहित्य पुरते. मूठ पाण्याने धुऊ नये, तिला तेल लावू नये आणि लिंबू किंवा ब्लीचने उजळवू नये, कारण हाड आणि हस्तिदंत दोन्ही ओलावा शोषून फुगतात, वाळताना तडकतात, आणि ज्या खुणांवरून ओळख पटते त्याच अशा सफाईत पुसल्या जातात. कुंचल्याने धूळ झटकावी आणि विजेरीचा प्रकाश पृष्ठभागावर तिरका पाडून पाहावे.

पाहण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका ती न ठरवल्यामुळेच होतात: हा तुकडा मूळ दातातून किंवा हाडातून कोणत्या दिशेने कापला आहे? पेशकब्ज आणि कर्द यांच्या मुठीत पात्याची रुंद लोखंडी जीभ मधोमध असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी रिवेटने जडवलेली असते. या पट्ट्या बहुधा लांबीच्या दिशेने कापलेल्या असतात. म्हणजे हातात धरताना समोर येणाऱ्या सपाट बाजूवर आपल्याला उभा छेद दिसतो, तर आडवा छेद फक्त मुठीच्या माथ्यावर, पट्टी जिथे संपते तिथे, बोटभर जागेत दिसतो. हस्तिदंताची सर्वांत खात्रीची खूण आडव्या छेदातच असते. ती सपाट बाजूवर शोधून सापडली नाही म्हणून अस्सल हस्तिदंताला हाड ठरवणारे पुष्कळ आहेत.

ती खूण म्हणजे श्रेगर रेषा. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात दोन दिशांनी वळत जाणाऱ्या बारीक रेषा एकमेकींना छेदतात आणि त्यांची जाळी तयार होते. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन मोजल्यास तो ११५ अंशांहून अधिक भरला तर दात आजच्या हत्तीचा, ९० अंशांहून कमी भरला तर मॅमथचा, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदाचा मानतात; दरम्यानचे कोन दोहोंतही आढळतात. जुन्या खंजिराला मॅमथच्या दाताची मूठ दिसली, तर ती मागाहून बसवलेली असण्याचा संशय घ्यावा. उभ्या छेदात मात्र जाळी नसते. तेथे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, किंचित लहरी, कमी-अधिक अंतराच्या फिकट रेषा दिसतात आणि पृष्ठभाग सलग, छिद्ररहित असतो.

हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नलिका असतात. उभ्या छेदात त्या आखूड काळसर रेघोट्यांसारख्या आणि आडव्या छेदात ठिपक्यांसारख्या दिसतात, कारण वर्षानुवर्षांचा मळ आणि हाताचा घाम त्यांत साठलेला असतो. चांगल्या कारागिराने मेण भरून झिलई केलेली असेल तर त्या सपाट बाजूवर सहज दिसत नाहीत. अशा वेळी पट्टीची लोखंडी जिभेला लागून असलेली कड आणि रिवेटभोवतीची जागा तपासावी. जाडीही बरेच सांगून जाते. पायाचे हाड आतून पोकळ असल्याने त्याची भिंत मर्यादित जाडीची असते. त्यामुळे एकाच भरीव तुकड्यातून कोरलेली, तळव्यात भरेल अशी जाड मूठ हाडाची असणे जवळपास अशक्य आहे, आणि अनेक लहान तुकडे जोडून केलेली मूठ पाहिली की हाडाची शक्यता आधी विचारात घ्यावी.

वॉलरसचा सुळा इराण, तुर्कस्तान आणि मुघल दरबारातील मुठींसाठी फार मोलाचा मानला जाई. उत्तर ध्रुवाकडील हा माल रशियामार्गे दक्षिणेकडे येत असे, आणि जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अशा चितकबऱ्या ‘माशाच्या दाता’चे मनापासून कौतुक केले आहे. त्याचा बाहेरचा थर गुळगुळीत आणि एकसारखा असतो, पण गाभ्यात शिजलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक गोळे एकमेकांत गुंतलेले दिसतात. असा गाभा हत्तीच्या दातात किंवा हाडात नसतो. कारागीर बहुधा तो मुद्दाम दिसेल अशा रीतीने तुकडा कापत. सांबरशिंग त्यामानाने लगेच ओळखू येते: बाहेरून खडबडीत, आतून स्पंजासारखे सच्छिद्र.

सेल्युलॉइडचे व्यापारी उत्पादन १८७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले, आणि हस्तिदंताची नक्कल करण्यासाठी त्यात मुद्दाम रेषा घातल्या जात. त्या रेषा फारच समांतर आणि एकसारख्या असतात आणि आडव्या छेदात त्यांची जाळी होत नाही. अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला, तर शंका जवळपास फिटते. जुने सेल्युलॉइड कुजताना आम्ल सोडते आणि शेजारचे लोखंड गंजते, म्हणून अशी मूठ असलेले हत्यार इतरांपासून वेगळे ठेवावे.

तापलेली सुई टोचण्याची परीक्षा कोणीही सुचवली तरी करू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते, हस्तिदंतावर कायमचा डाग राहतो, आणि हाड व हस्तिदंत या दोहोंना जळका वास येत असल्याने मूळ प्रश्न तसाच राहतो. अतिनील विजेरी अधिक उपयोगी आहे, पण तिचीही मर्यादा आहे: हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर-पांढरे चमकतात, बरेचसे प्लॅस्टिक मंद दिसते, आणि जुने मेण किंवा रोगण असेल तर रंग फसवा येतो. भिंगाने निर्णय होत नसेल तर प्रयोगशाळेत अत्यल्प नमुन्यातील कोलॅजन हे प्रथिन तपासून प्राणी कोणता, हे ठरवता येते.

डोळा तयार करण्यासाठी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथे जावे, कारण तेथे शस्त्रांबरोबर हस्तिदंती कामही पाहता येते.

मूठ हस्तिदंती ठरली तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो: भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन ठरत असल्याने ती परदेशी नेण्यावरही १९७२ च्याच पुरातन वस्तूविषयक कायद्याचे निर्बंध आहेत. म्हणून वारशाने आलेल्या खंजिराची मूठ विकण्याचा किंवा बदलण्याचा विचार करण्यापूर्वी माथ्याचे आणि कडेचे जवळून छायाचित्र काढून वन विभागाकडे मालकीच्या कागदपत्रांची चौकशी करावी.