तांब्याची बाटली ते खताची बादली : पर्यावरणपूरक राहताना या चुका टाळा

प्लास्टिक कमी करायचं ठरलं की घरात आधी तांब्याची बाटली येते, मागोमाग पितळेची कढई, आणि थोड्याच दिवसांत बाल्कनीत खताची बादली. यात वावगं काहीच नाही. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात ओतणं थांबलं आणि ओला कचरा घरातच जिरला, तर आपल्या पोटाचा आणि गावाच्या कचरा डेपोचा, दोघांचाही भार हलका होतो. पण या प्रत्येक वस्तूची एक रीत असते. वस्तू घरी आली आणि रीत दुकानातच राहिली की मळमळ, बुरशी, चिलटं आणि शेजाऱ्यांची कुरकुर सुरू होते.

तांब्यात लिंबू सरबत

व्यायामाला जाताना तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी किंवा कोकम सरबत भरून नेणारे पुष्कळ आहेत. आंबटाशी गाठ पडली की तांबं भराभर विरघळतं. असं सरबत पोटात गेलं की मळमळ, उलटी, पोटात कळ. ताकाचंही तेच. तांब्यात फक्त साधं पाणी ठेवायचं.

साध्या पाण्याचा फायदा मात्र खरा आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मेलेले आढळले. म्हणजे संध्याकाळी भरून सकाळी प्यायलं की काम झालं. तेच पाणी तीन-तीन दिवस बाटलीत मुरवण्यात काही हशील नाही. आणि पाण्यात क्षार किंवा रसायनं असतील तर तांबं त्यांचं काही वाकडं करू शकत नाही, तिथे फिल्टरच लागतो. बाटली आतून हिरवट दिसली तर लिंबू-मीठ लावून घासा, भरपूर पाण्याने विसळा आणि उपडी ठेवून पूर्ण वाळवा.

पितळ आहे, कल्हई नाही

पितळेची कढई फोटोत छान दिसते, म्हणून ती चकचकीत पिवळीच ठेवायची हौस असते. बाहेरून पिवळी हवी तेवढी ठेवा, आतून ती पांढरीच हवी. कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी, चिंच-गुळाची भाजी, टोमॅटोचं सार काहीही ठेवलं की कळकतं. हिरवट झाक आणि जिभेवर तुरट चव आली तर ते सरळ टाकून द्या, उकळून सुधारत नाही.

कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात फिरवायचं. भांडं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज येतो आणि आत चांदी उतरल्यागत चमक येते. हे काम डोळ्यांसमोर करून घ्या आणि कथील शुद्ध आहे ना, हे न लाजता विचारा. धातू जोडताना डाग देण्यासाठी (सोल्डरिंगला) वापरतात त्या बऱ्याच कांड्यांत शिसं असतं आणि त्याने केलेली कल्हई ही कल्हई नसण्यापेक्षा वाईट. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं.

कल्हई लवकर का जाते, याची दोन कारणं नेहमीची. पहिलं, रिकामी कढई मोठ्या आचेवर तापवणं. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे खरपूस परतायला आणि तळायला लोखंडी कढईच बरी. दुसरं, आतून तारेच्या चोथ्याने घासणं. चिंच-मीठ बाहेरून लावा, आत मऊ घासणी पुरे. आतून पिवळे ठिपके दिसू लागले की पुन्हा कल्हईवाला गाठायचा.

फसफसणारं बायोएन्झाइम

बायोएन्झाइम म्हणजे साली आंबवून घरी केलेला सफाईचा द्रव. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. फरशी पुसायच्या विकतच्या द्रवाला हा चांगला पर्याय आहे. विकतच्या द्रवाच्या उग्र वासाने डोकं चढणाऱ्यांना तर फारच सुसह्य. पण मिश्रण आंबताना वायू तयार होतो. काचेच्या बरणीला घट्ट झाकण लावलंत तर ती फुटू शकते. जुनी प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा थोडा भाग रिकामा ठेवा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा. तयार द्रव आम्लधर्मी असतो, त्यामुळे शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीची चकाकी जाते. आणि ब्लीचिंग पावडरमध्ये तो कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तर तो फारच घातक.

पटकन सांगण्यासारखं

कागदी कप म्हणजे प्लास्टिकमुक्त कप नव्हे. त्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी मोजलं, तर 100 मिलिलिटर गरम द्रवात 15 मिनिटांत सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिककण उतरले होते. ऑफिसात स्वतःचा स्टीलचा पेला ठेवा. वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेणंही सोडा, शाई तेलात उतरते.

कापडी पिशव्या घरात पंचवीस असतील तर आणखी घेऊ नका. कापसाला पाणी आणि खत भरमसाट लागतं. एकच पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच तो हिशोब जुळतो.

कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आठवड्यातून एकदा सगळ्या ताटल्या कोरड्या करा.

खताची बादली बिघडली तर

बहुतेक घरांतला प्रयोग इथेच बंद पडतो, तोही साध्या कारणांनी. कुजका वास येतोय? ओलं जास्त, सुकं कमी, आणि आत हवा नाही. दोन दिवस नवा कचरा टाकू नका, सुकी पानं मिसळून वर-खाली करा. बादलीला बाजूंनी भोकं नसतील तर पाडा. एक वाटी ओल्या कचऱ्यामागे दोन वाट्या चुरलेली सुकी पानं, हे माप धरून चालायला हरकत नाही.

मुंग्या आल्या तर मिश्रण फार कोरडं आहे. मूठभर घेऊन दाबून पाहा : हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये. जाड्या अळ्या दिसल्या म्हणून सगळी बादली फेकून देणारे आहेत. त्या अळ्या कचरा फस्त करतात आणि माणसाला काही करत नाहीत. किळस वाटत असेल तर वर सुक्या पानांचा जाड थर द्या. चिलटांवरही हाच उपाय. दमा असणाऱ्यांनी मात्र खत हलवताना नाकाला रुमाल बांधावा, कारण बुरशीची धूळ उडते.

नवखे लोक सुक्या मालासाठी कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा मागवतात. केरळ-तमिळनाडूतून आलेल्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या. आणि त्याच वेळी खाली सोसायटीत झाडलेल्या पानांचा ढीग पेटवलेला असतो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनीच बंदी आहे, शिवाय त्या धुराचे बारीक कण तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांच्या छातीत जातात. झाडणाऱ्या मावशींना दोन पोती देऊन ठेवा आणि पानं त्यात भरायला सांगा. पावसाळ्यापूर्वी भरून, कोरड्या जागी ठेवली, की वर्षभर पुरतात.