भंगारातला अ‍ॅम्प आणि शंभर वॅटचा बल्ब

गाण्याचा आवाज मोठा करणारा माझा पहिला अ‍ॅम्प दीडशे रुपयांचा. पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी, पोत्यावर मांडलेल्या मिक्सर-इस्त्र्यांच्या गर्दीत तो पडला होता. विकणारा म्हणाला, “चालू आहे, फक्त फ्यूज उडालाय.” घरी आणून नवा फ्यूज घातला, प्लग लावला, तोही उडाला. मग मी तांब्याची तार गुंडाळली. मिनिटभरात धूर निघाला आणि जळक्या वार्निशचा वास दोन दिवस घरात राहिला. ट्रान्सफॉर्मर गेला. आईने काय सुनावलं ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आमच्या पेठेतल्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी झाकणही उघडलं नाही. “सिरीज बल्ब लावला होतास?” एवढंच विचारलं. तो काय असतो हे मला माहीतच नव्हतं. म्हणून दुरुस्ती नव्याने शिकणाऱ्याला मी व्होल्ट-ओहम मोजणाऱ्या मल्टिमीटरच्याही आधी हा सिरीज बल्बचा बोर्ड बनवायला सांगतो. एक होल्डर, एक सॉकेट, होल्डरमध्ये शंभर वॅटचा फिलामेंटचा पिवळा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजला, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच सॉकेटला पोचते. एलईडी चालत नाही. हल्ली असे बल्ब शोधावे लागतात, पण जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वरच्या फळीवर एखादा निघतोच. संशयित सेट या बोर्डावर लावायचा. बल्ब क्षणभर लख्ख होऊन मंद झाला तर वीज साठवणारे कंडेन्सर चार्ज झाले, बहुधा पुढे सगळं ठीक आहे. भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पण तेव्हाही अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच करंट जातो, त्यामुळे जळायचं ते वाचतं.

फ्यूज बघायचीही एक रीत आहे. काच स्वच्छ आणि आतली तार नुसती तुटलेली असेल तर तो हळूहळू थकून गेलाय, कदाचित नवा घातल्यावर चालेलही. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर जोराचा शॉर्ट आहे, नवा घालण्याआधी कारण शोधा. बहुतेक वेळा एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजचा एखादा डायोड किंवा आउटपुटचा आयसी सापडतो.

सेट अगदीच मेलेला असेल तर प्लग भिंतीतून काढून, सेटचा स्विच चालू ठेवून, प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला काही दहा ते काही शे ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर वायर, स्विच, फ्यूज असं एकेक तपासत जा. हे सगळं बरं निघालं तर ट्रान्सफॉर्मरच्या पिवळ्या टेपखाली नखाने चाचपा. तिथे बऱ्याचदा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापल्यावर उडणारा फ्यूज, दडवलेला असतो. अनेक जण तो सरळ तारेने जोडून देतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण पुढच्या वेळी जळेल तो ट्रान्सफॉर्मर नसेल, घरातला पडदा असेल. तितक्याच तापमानाचा नवा फ्यूज बसवा. सोल्डर करताना त्याचा पाय नोज प्लायरने धरून ठेवा, नाहीतर तुमच्या सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो. माझे असे दोन गेले.

सेट चालतो पण गुणगुणतो, ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि शिकायला सगळ्यात चांगली. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही गुणगुण तेवढीच असेल तर बहुधा डीसीतली लहर गाळणारा फिल्टर कंडेन्सर सुकलाय. व्हॉल्यूमबरोबर ती वाढत असेल तर आधी इनपुटच्या वायरीचं शील्ड, म्हणजे वरची जाळी, बघा. कान तयार असेल तर आणखी कळतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ब्रिजनंतर तिची लहर 100 हर्ट्झची होते. म्हणजे तोच सूर, एक सप्तक वर. कंडेन्सर गेला की 100चा सूर येतो, शील्ड तुटलं की खालचा. ब्रिजचा एक डायोड ओपन झाला तरी खालचाच येतो. माझी मैत्रीण तानपुरा लावते, ती हे माझ्याआधी ओळखते.

व्होल्टेज स्थिर ठेवणारे 7812 (+12 व्होल्ट) आणि 7912 (-12 व्होल्ट) हे आयसी जुळे भाऊ वाटतात, पण त्यांचे पाय वेगळे. 7812चा पहिला पाय इनपुट, 7912चा पहिला ग्राउंड. शिवाय 7912ची पाठ इनपुटला जोडलेली असते, त्यामुळे अभ्रकाची पट्टी न लावता हीटसिंकवर कसला की शॉर्ट झालाच म्हणून समजा. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, पंधरा रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूने माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे.

एसएमपीएस, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगचा सप्लाय, असलेला सेट मात्र पहिले सहा महिने उघडू नका. त्यातल्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते बसून राहतं. पुढे हात घालाल तेव्हा आधी होल्डरमधल्या पंधरा वॅटच्या बल्बने ते उतरवा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढायची मर्दुमकी नको. या सेटची एक तक्रार ओळखून ठेवा: हिवाळ्यात सकाळी सुरू होत नाही, दुपारी होतो. कंट्रोल आयसीजवळचा 22 किंवा 47 मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर सुकलेला असतो. हेअर ड्रायरने त्याला ऊब दिली आणि सेट जागा झाला तर निदान पक्कं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि 105 डिग्रीचा घ्या.

अमेरिकेतून भावाने आणलेला रिसीव्हर हा वेगळाच प्रकार. तो 120 व्होल्टचा असतो आणि कोणीतरी उत्साहात आपल्या 230 ला लावलेला असतो. फ्यूज किंवा थर्मल फ्यूज गेला असेल तर नशीब. दुरुस्त झाल्यावर त्याला 230चे 120 करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, हे मालकाला आधीच सांगा.

पैशाचं विचाराल तर भंगारातून घेऊन, नीट करून, विकून घर चालत नाही. दीडशेचा सेट नऊशेला गेला तरी त्यात तुमचे दोन रविवार गेलेले असतात. पण या रविवारांमुळेच मला एका साउंडवाल्याकडे काम मिळालं. गणपतीच्या दहा दिवसांत जनरेटरच्या झटक्याने सप्लाय गेलेले अ‍ॅम्प रात्री अकराला येतात आणि सकाळच्या आरतीला हवे असतात. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केला तर पाया पक्का होतो. मी तो उशिरा केला.

तो पहिला अ‍ॅम्प काही नीट झाला नाही. त्याच्या पत्र्याच्या डब्यात मी सिरीज बोर्ड बसवलाय, आणि अर्थिंगची वायर डब्याला दोन स्क्रूंनी कसली आहे.